पहारेकऱ्याची परीक्षा

विद्यार्थिमित्रहो, रात्री आपण दाराला कडी लावून निर्धास्त झोपतो. पूर्वी गावात रात्रीच्या वेळी ‘जागते रहो’ अशी गुरख्याची आरोळी ऐकू येई. ती आरोळी ऐकू आली म्हणजे गुरखा जागा आहे, हे आपणांस कळत असे. आज पुष्कळ घरांत त्याची जागा भिंतीवरच्या एका लहानशा पांढऱ्या पेटीने घेतली आहे. ही पेटी मात्र अबोल. ती शांत असते तेव्हा ती जागी राहून पहारा देत आहे की केव्हाच मरून पडली आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. ते कसे ओळखावे आणि ती बिघडली असता दोष कसा शोधावा, हा आजच्या पाठाचा विषय होय. पाठाच्या शेवटी भोपाळच्या एका रात्रीकडे वळावयाचे आहे. कारण परीक्षा न घेतलेल्या पहारेकऱ्यांची किंमत या शहराने मोजली तशी क्वचितच कोणी मोजली असेल.

विजेवर चालणारी चोरघंटा नवी नाही. अमेरिकेतील ऑगस्टस पोप या गृहस्थाने १८५३ साली तिचे पेटंट घेतले. आजच्या यंत्रणेचे चार भाग असतात. हालचाल टिपणारा संवेदक हा तिचा डोळा, नियंत्रक पेटी हा मेंदू, भोंगा हा आवाज आणि वीज गेल्यावर या तिघांना जगविणारी बॅटरी हा प्राण. बिघाडाच्या तक्रारी बहुतेक करून पहिल्या व शेवटच्या भागांविषयी असतात. म्हणून त्या दोहोंचाच येथे विचार करू.

प्रथम बॅटरी. नियंत्रक पेटीत बहुधा १२ व्होल्टची, ७ अँपियर-तास क्षमतेची बंद शिसे-आम्ल बॅटरी असते. फ्रान्समधील गास्तों प्लांते याने १८५९ साली शोधलेल्या विद्युत्घटाचीच ही वंशज. तिच्यात सुमारे २.१ व्होल्टचे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असता १२.७ व्होल्टच्या आसपास दाब दाखविते; घरातील वीज चालू असून तिचे भरण चालले असेल, तेव्हा १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसतात.

७ अँपियर-तास याचा अर्थ काय? नियंत्रक व संवेदक मिळून ०.२ अँपियर प्रवाह घेत असतील, तर ७ भागिले ०.२ म्हणजे ३५ तास बॅटरी पुरावी. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात त्याहून कमीच तास मिळतात आणि भोंगा वाजू लागला की ते आणखी घटतात. जुन्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाचे घट्ट क्षार बसतात आणि तिची क्षमता हळूहळू आटत जाते. अशी बॅटरी तीन ते पाच वर्षे टिकते खरी, परंतु उष्णता ही तिची वैरीण आहे. तपमान सुमारे १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. भोपाळात मे महिन्यात दुपारचा पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा पश्चिमेच्या तापल्या भिंतीवर बसविलेल्या पेटीतील बॅटरी अकाली थकली, तर नवल ते काय?

येथे एक फसगत सांभाळावयास हवी. थकलेली बॅटरीही मापकावर १२.५ व्होल्ट दाखवू शकते. आखाड्याबाहेर उभा असलेला पहिलवान नुसत्या छातीवरून जोखता येत नाही. त्याला कुस्तीत उतरवावे लागते. बॅटरीचेही तसेच आहे. म्हणून परीक्षा पुढील क्रमाने घ्यावी. हे काम वडील माणसाच्या देखत करावे आणि मुख्य विजेच्या तारांना विद्यार्थ्यांनी मुळीच हात लावू नये.

१. घरच्यांना व शेजाऱ्यांना आधी कळवावे. मग पेटीची मुख्य वीज बंद करून यंत्रणा तासभर बॅटरीवर चालू द्यावी व शेवटी क्षणभर भोंगा वाजवून पाहावा. भोंगा घोगरा झाला, किंवा दाब झरझर १२ व्होल्टच्या खाली उतरला, तर बॅटरी गेली असे समजावे.

२. वीज चालू असूनही बॅटरीच्या टोकांशी १३ व्होल्टपेक्षा कमी दाब दिसत असेल, तर दोष बॅटरीत आहे की तिला भरणाऱ्या भागात, हे ठरविले पाहिजे. बॅटरी सोडवून मोकळ्या तारांशी मापक लावावा. तेथे १३.८ च्या जवळ आकडा येत असून बॅटरी जोडताच तो कोसळून वर येतच नसेल, तर दोष बॅटरीचा. मोकळ्या तारांतच दाब नसेल, तर फ्यूज किंवा भरण-भाग तपासावा. नवी बॅटरी आणून तेथे काहीच साधणार नाही.

३. टोकांवर पांढरी बुरशीसारखी पूड जमली आहे काय, तार ढिली आहे काय, हेही पाहावे. पुष्कळदा सारा घोटाळा एका सैल जोडाचा असतो.

४. बॅटरी फुगली किंवा पाझरू लागली असेल, तर ती तत्काळ बदलावी. तिच्यात शिसे व गंधकाम्ल असते. ती उकिरड्यावर टाकू नये, विक्रेत्याकडे परत द्यावी.

आता डोळ्याकडे वळू. विल्यम हर्शेल याने १८०० साली सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तांबड्या रंगापलीकडे तपमापक ठेवला असता पारा चढला. तेथे अवरक्त किरणांचा शोध लागला. प्रत्येक उबदार वस्तू हे किरण बाहेर टाकते. माणसाच्या अंगातून निघणाऱ्या किरणांची तरंगलांबी मुख्यतः ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपास असते. संवेदकात या किरणांनी विद्युत्भारित होणाऱ्या स्फटिकाच्या दोन चकत्या शेजारी शेजारी असतात आणि त्यांची जोडणी परस्परविरुद्ध असते. खोलीत काही हलले नाही, तर दोन्ही चकत्यांना सारखीच ऊब लागते व परिणाम शून्य होतो. समोरील पांढऱ्या भिंगाचे अनेक लहान भाग खोलीची पंख्याच्या पात्यांसारख्या पट्ट्यांत विभागणी करतात. दीपगृहांसाठी फ्रेनेल याने योजिलेल्या भिंगाचेच हे रूप. माणूस एका पट्टीतून दुसरीत गेला की एक चकती आधी तापते व दुसरी मागाहून. तोल बिघडतो आणि यंत्राला हालचाल कळते.

हे तत्त्व नीट ध्यानी आले की बहुतेक दोषांची उत्तरे आपोआप सापडतात. पट्ट्या ओलांडत आडवे चालणारा माणूस लवकर टिपला जातो, सरळ संवेदकाच्या रोखाने येणारा उशिरा. तेव्हा संवेदक अशा कोपऱ्यात, सुमारे सात फुटांवर बसवावा की दारातून येणारा त्याच्यापुढून आडवा जाईल. साध्या काचेतून हे लांब तरंगांचे किरण पार होत नाहीत, म्हणून काचेआडचा माणूस त्याला दिसत नाही. मात्र खिडकीतून येणारे ऊन जमीन एकाएकी तापविते आणि संवेदक फसतो. भिंगावरून पाल गेली, आत कोळ्याने जाळे विणले, अथवा शेगडीच्या गरम झोतासमोर पडदा हलला, तरीही भोंगा वाजू शकतो.

याहून महत्त्वाची गोष्ट उन्हाळ्याची. आपल्या कातडीचे तपमान सुमारे ३३-३४ अंश असते. खोलीची भिंतही तितकीच तापली, तर माणूस आणि भिंत यांत संवेदकाला फरकच उरत नाही. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी गाय उभी राहावी, तसे ते होते. म्हणजे जो संवेदक जानेवारीत उत्तम काम देतो, तोच मेच्या दुपारी अर्धा आंधळा होऊ शकतो. म्हणून त्याची चालण्याची परीक्षा, म्हणजे खोलीत हिंडून दिवा लागतो की नाही हे पाहणे, हिवाळ्यात एकदा व कडक उन्हाळ्यात एकदा अवश्य घ्यावी. बिनतारी संवेदकात स्वतःची लहान बॅटरी असते. ती क्षीण झाली की संवेदक कधी उगाच संदेश देतो, कधी मुका राहतो. तिची सूचना नियंत्रकावर आली की ती त्याच दिवशी बदलावी.

दोष शोधताना दोन नियम पाळावेत. एक, वहीत तारीख, वेळ व हवामान यांची नोंद ठेवावी. समजा, अरेरा कॉलनीतील एका घरात रोज पाचच्या सुमारास भोंगा वाजतो. आठ दिवसांची नोंद पाहिली असता, ढगाळ दिवशी तो वाजला नाही असे आढळले, तर दोषी चोर नसून मावळतीचे ऊन आहे हे उघड झाले. दुसरा नियम असा, की एका वेळी एकच बदल करावा. बॅटरी, जागा व तारा सारे एकदम बदलले, तर खोटा पहारा बंद होईलही. पण दोष कोठे होता हे कधीच कळणार नाही.

पण समजा, त्या घरातील मंडळींनी नोंद न ठेवता, कटकट नको म्हणून संवेदकाची तारच काढून टाकली. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. खोटी हाक वारंवार ऐकू आली, की माणूस हाकेचे कारण शोधीत नाही. तो कान बंद करतो. येथेच भोपाळची आठवण येते.

शहराच्या उत्तर भागात युनियन कार्बाइडचा कीटकनाशकांचा कारखाना होता. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथील ई-६१० या टाकीत, सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेटमध्ये पाणी शिरले. ते कसे शिरले याविषयी वाद झाले. परंतु त्या टाकीभोवतीच्या पहारेकऱ्यांची अवस्था काय होती, हे जगजाहीर आहे. द्रव थंड ठेवणारी शीतन यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली होती. टाकीचे तपमान वाढल्याची सूचना देणारी घंटा निकामी होती. वायू धुऊन निरुपद्रवी करणारे यंत्र सज्ज ठेवलेले नव्हते. वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता. पाण्याचे फवारे वायू सुटत होता त्या उंचीपर्यंत पोहोचले नाहीत. रात्री ११ च्या सुमारास दाबमापकाचा काटा २ वरून १० पौंडांवर गेला होता. पण हा आकडा नेहमीच्या मर्यादेतला होता, आणि नेहमी चुकणाऱ्या मापकांवर कामगारांचा विश्वासही उरला नव्हता. खरी सूचना त्यांना स्वतःच्या डोळ्यांच्या जळजळीने दिली.

मध्यरात्रीनंतर बाहेरच्या वस्तीसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला. किरकोळ गळतीने लोक घाबरू नयेत, म्हणून तसा प्रघातच पाडलेला होता. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला येथील माणसे भोंग्याने जागी झाली नाहीत, ती खोकल्याने जागी झाली. तोंडावर ओले फडके धरावे, वाऱ्याच्या दिशेने पळू नये, एवढ्या दोन गोष्टीही त्यांना कोणी सांगितलेल्या नव्हत्या. लगेच मेलेल्यांचा पहिला सरकारी आकडा २,२५९ होता. पुढे राज्य सरकारने तो ३,७८७ असा नोंदविला. लाखो लोकांच्या शरीरावर त्या वायूचा परिणाम झाला.

एक पहारेकरी मात्र झोपला नव्हता. डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. त्यानंतर राजकुमार केसवानी या भोपाळच्या पत्रकाराने १९८२ साली आपल्या ‘रपट’ या लहानशा साप्ताहिकातून, शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे, असा इशारा पुन्हा पुन्हा दिला. त्याचीही आरोळी कोणी मनावर घेतली नाही.

तात्पर्य हे, की सूचना देणारे यंत्र विकत घेतल्याने रक्षण होत नाही. त्याची वेळोवेळी परीक्षा घेणे, खोट्या सूचनेचे कारण शोधून काढणे आणि खरी सूचना आल्यावर काय करावयाचे हे घरातील लहानथोरांना ठाऊक असणे, या तिन्ही गोष्टी मिळून रक्षण होते. आग लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो. भोपाळच्या मृतांच्या स्मरणार्थ २ डिसेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन म्हणून पाळला जातो. विद्यार्थिमित्रहो, त्या दिवशी आपल्या घरातील, शाळेतील वा शेजारच्या इमारतीतील धोक्याच्या घंटेची कळ वडील माणसांकडून एकदा दाबवून घ्या, आणि वहीत तारीख घाला. घंटा वाजली तर उत्तमच. न वाजली तर ते तुम्हांला आदल्या दिवशी कळले, असे समजा. भोपाळला ते त्या रात्रीच कळले.