सिंथेटिक बायोलॉजीची वाट मळीच्या टाकीवरून

बारावीच्या सुमारास नीटच्या गुणांनी दगा दिला की पन्हाळा तालुक्यातील पालक बायोटेक्नॉलॉजीच्या बी.टेक.ची चौकशी सुरू करतात, आणि केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये जैवतंत्रज्ञानाला चालना देणारे बायोई-३ धोरण मंजूर केल्यापासून त्या चौकशीत सिंथेटिक बायोलॉजी, म्हणजे जनुकांचा आराखडा आखून ती सूक्ष्मजीवात बसवण्याची व त्याच्याकडून हवा तो पदार्थ करवून घेण्याची विद्या, या नव्या नावाची भर पडली आहे. विद्या खरी आहे. परंतु तिच्या नावावर लाखांचे शुल्क भरल्याने संशोधनात शिरकाव होतो, हा समज निखालस खोटा आहे.

आयसरची प्रवेश परीक्षा किंवा बी.एस्सी.नंतर जॅम, पुढे नेट-जेआरएफ आणि पीएच.डी., हा राजमार्ग सर्वश्रुत आहे. त्यात पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये फेलोशिप मिळते आणि पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज जातात.

दुर्लक्षित राहते ती किण्वनाची, म्हणजे सूक्ष्मजीव टाकीत वाढवून उत्पादन घेण्याची वाट. बर्कली विद्यापीठातील शास्त्रज्ञ जे कीसलिंग यांच्या गटाने २००६ मध्ये यीस्टकडून हिवतापाच्या औषधाचे पूर्वद्रव्य, आर्टेमिसिनिक आम्ल, तयार करून घेतले तेव्हा लिटरमागे जेमतेम १०० मिलिग्रॅम मिळत होते. २०१३ पर्यंत ते २५ ग्रॅमवर गेले, आणि त्यामागे जनुकांच्या फेरजुळणीइतकेच किण्वनाच्या पद्धतीतील सुधारणांचे कष्ट होते. कोल्हापूर जिल्ह्यातील डिस्टिलऱ्यांमध्ये मळीचे अल्कोहोल करणारे यीस्ट याच जातीचे आहे. तेथील केमिस्ट टाकीतील थेंबात मिथिलीन ब्लू मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, तेव्हा मेलेल्या पेशी निळ्या आणि जिवंत पेशी रंगहीन दिसतात, व त्यांच्या मोजणीवरून टाकीचे आरोग्य कळते. मायक्रोबायोलॉजीची बी.एस्सी. आणि त्यानंतर पुण्याजवळच्या मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधील अल्कोहोल तंत्रज्ञानाचे शिक्षण हा मार्ग शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील विद्यार्थ्याला परवडणारा आहे, आणि त्यातून हाताशी आलेले कौशल्य सिंथेटिक बायोलॉजीच्या कंपन्यांनाही हवे असते.

या क्षेत्रातील तरुण संशोधक आपले काम लपवून ठेवत नाहीत: परीक्षणापूर्वीचे शोधनिबंध ते बायोआर्काइव्हवर सर्वांसाठी खुले करतात, परिषदांत पोस्टरपाशी उभे राहून फसलेल्या प्रयोगांविषयीच्या प्रश्नांचीही उत्तरे देतात, आणि आयजेम या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, जिच्यात पुण्याच्या आयसरचे विद्यार्थीही उतरले आहेत, आपले जनुकीय भाग इतरांना वापरायला देतात. ही सवय इंग्रजीच्या धास्तीने गप्प बसणाऱ्या मुलांनी पदवीच्या पहिल्या वर्षापासून, आधी मराठीत का होईना, लावून घ्यावी.

लग्नाच्या बायोडेटात ‘इंजिनिअर’ लिहिता यावे म्हणून ऊसशेतीवर कर्ज काढणे हा मुलांवरील अन्यायच आहे. तरीही बी.टेक.चाच हट्ट असेल, तर पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयातील फर्मेंटर, म्हणजे किण्वनाची टाकी, चालू स्थितीत पाहावा, गेल्या सत्रात विद्यार्थ्यांनी त्यावर काय वाढवले त्याची नोंदवही मागावी, आणि ती दाखवायला टाळाटाळ झाली तर पैसे न भरता परत फिरावे.