विहिरीचे पाणी पारखून घ्या

पाणी नितळ दिसले की आपण म्हणतो, पाणी चांगले आहे. चव गोड लागली की म्हणतो, अगदी अमृत आहे. पण डोळ्याला दिसत नाही आणि जिभेला कळत नाही, अशी एक वस्तू पाण्यात असू शकते. तिचे नाव नायट्रेट. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते पाण्यात येते कसे आणि ओळखायचे कसे, ते आपण ह्या पाठात पाहू.

नायट्रेट येते कोठून?

पिकाला नत्र लागते. म्हणून आपण शेणखत घालतो, युरिया टाकतो. जमिनीतले जंतू ह्या नत्राचे नायट्रेट करतात. पीक त्यातले लागेल तेवढे घेते. उरलेले मातीला धरून राहत नाही. मीठ विरघळावे तसे ते पाण्यात विरघळते, पावसाबरोबर खाली झिरपते आणि विहिरीत उतरते.

उकिरडा, गोठ्यातले मूत, संडासाचा खड्डा, सांडपाण्याचे डबके ह्यांच्यातूनही ते झिरपते. विहीर उथळ असली आणि उकिरडा जवळ असला, तर धोका जास्त.

हे दूरचे दुखणे नाही. केंद्रीय भूजल मंडळाचा अहवाल २०२४ च्या अखेरीस निघाला. देशात तपासलेल्या दर १०० नमुन्यांपैकी सुमारे २० नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होते. महाराष्ट्रात तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नमुने तसे निघाले. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव ह्या जिल्ह्यांची नावे त्यात ठळकपणे आली.

अपाय कोणाला?

सर्वांत मोठा धोका तान्ह्या बाळाला, त्यातही सहा महिन्यांच्या आतल्या. पोटात गेलेल्या नायट्रेटचे नायट्राइट होते. नायट्राइट रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. मग बाळाचे ओठ आणि नखे निळसर पडतात. बाळ मलूल होते, धापा टाकते. वेळेवर उपाय झाला नाही, तर जीवही जातो.

१९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा प्रांतात डॉ. हंटर कॉम्ली ह्यांनी अशी निळी पडलेली बाळे तपासली. बाळांना विहिरीच्या पाण्यात कालवलेले वरचे दूध पाजत होते आणि त्या पाण्यात नायट्रेट फार होते. तेव्हापासून जगभर डॉक्टर ह्या गोष्टीकडे लक्ष देऊ लागले.

बाळ निळे पडण्याची कारणे दुसरीही असतात. म्हणून अंगारा-धुपारा करत बसू नका. बाळाला तडक दवाखान्यात न्या. कोणत्या विहिरीचे पाणी पाजले, तेही डॉक्टरांना सांगा.

उकळून भागेल का?

कोणी म्हणेल, "आम्ही तर पानी उकळून देतो, मग कसली भीती?" उकळल्याने रोगजंतू मरतात, हे खरे. पण नायट्रेट जंतू नव्हे. उकळताना पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट भांड्यात तसेच राहते. म्हणजे पाणी आटेल तसे ते दाट होते. तुरटी फिरवून, कापडाने गाळून किंवा जंतुनाशक पावडर टाकूनही ते जात नाही.

पाणी कसे तपासायचे?

भारतीय मानकाप्रमाणे एक लिटर पिण्याच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. १००० मिलिग्रॅम म्हणजे एक ग्रॅम. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत ४५ ग्रॅम, एवढीच मर्यादा. नायट्राइटसाठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला ३ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे.

गावात पाणी तपासण्याची पेटी असते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना ही तपासणी शिकवावी, असे ठरले. ग्रामपंचायतीत जाऊन पेटी कोणाकडे आहे ते विचारा. तपासणी अशी करतात:

१. हातपंप असेल तर आधी थोडा वेळ पाणी वाहू द्या. विहीर असेल तर वरचा तवंग टाळून खालचे पाणी घ्या.

२. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा. मग भरा.

३. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या. पेटीतले औषध, कागदावर सांगितले असेल तेवढेच घाला.

४. सांगितलेली मिनिटे घड्याळात मोजा. घाई नको, उशीरही नको.

५. पाण्याला आलेला रंग पेटीतल्या रंगपट्टीशी उजेडात जुळवा. बहुतेक पेट्यांत गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितके नायट्रेट जास्त.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. काही पट्ट्यांवर नायट्रेट लिहिलेले असते, काहींवर नायट्रेटमधला नत्र. नत्राचा आकडा १० आला, तर ते सुमारे ४५ नायट्रेट झाले. तेव्हा आकडा वाचण्याआधी पट्टीवरची अक्षरे वाचा. वाचायला शिकलो ते अशाच कामासाठी.

आकडा जास्त आला, तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. बाटलीवर गाव, विहीर आणि तारीख लिहा. नमुना थंड ठेवा आणि एका दिवसात पोचवा. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, अशी तपासणी दरवर्षी करावी.

अन्नातले काय?

पालक, मेथी, बीट ह्यांतही नायट्रेट असते. ताजी भाजी मोठ्या माणसाला चांगलीच. पण शिजवलेली भाजी उबेला तासन्‌तास राहिली, तर जंतू त्यातल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात. म्हणून शिळी पालेभाजी लहान मुलांना देऊ नये.

आता काय करावे?

बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. वरचे पाणीही नको. वरचे दूध द्यावेच लागले, तर ते तपासलेल्या पाण्यातच कालवावे.

पाणी वाईट निघाले, तर पिण्यासाठी दुसरी तपासलेली विहीर धरावी. त्या पाण्याने शेत भिजवायला हरकत नाही. त्यातले नत्र पिकाला मिळेल.

उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला करावा. युरिया एकदम न टाकता, पिकाला लागेल तसा हप्त्याहप्त्याने द्यावा. पैसा वाचेल, पाणीही वाचेल.

विहीर सगळ्या गावाची आहे. म्हणून तपासणीचा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि विहिरीच्या कठड्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

प्रश्न

१. नायट्रेट पाहून किंवा चाखून का कळत नाही?

२. पाणी उकळल्याने नायट्रेट का जात नाही?

३. तुमच्या विहिरीपासून उकिरडा किती पावलांवर आहे? मोजून लिहा.