आतली बाजूही लाकूडच असते

धाकट्या बहिणीच्या नागपूरच्या नव्या घरासाठी मी फणसाच्या लाकडाची सुरई कातली. झाड आमच्याच परसातलं, आदल्या पावसात पडलेलं. ऐन ऑगस्टमध्ये, सावंतवाडीच्या दमट हवेत कातकाम उरकलं आणि बाहेरून पीयू पॉलिशचे 6 हात दिले. गळ्यातून जेमतेम बोट जात होतं, म्हणून आतून काहीच लावलं नाही. आत कोण बघणार, असं वाटलं. मे महिन्यात फोन आला. "दादा, सुरईला चीर गेली रे." आवाज असा, जणू चूक तिचीच.

चूक माझी होती. सुरई परत आणून उभी कापली, तेव्हा ती डोळ्यांनी दिसली. भिंत 6 मिलिमीटर, बूड मात्र 25. चीर बुडाच्या कोपऱ्यातून निघून गळ्याकडे गेलेली. नागपूरच्या कोरड्या हवेत पातळ भिंत भराभर आटली, जाड बूड मागे राहिलं आणि त्यानं भिंतीला धरून ठेवलं. त्या ओढाताणीत लाकूड फाटलं.

लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. त्यातही गाभ्याकडून सालीकडे जितकं आटतं, त्याच्या साधारण दुप्पट वलयांच्या बाजूनं. म्हणून ओलं असताना गोल कातलेलं भांडं सुकल्यावर लंबगोल होतं. पॉलिशनं हे थांबत नाही. ओलावा आत-बाहेर जाण्याचा वेग तेवढा मंदावतो. एकाच बाजूला पॉलिश दिलं, की दोन बाजूंचे वेग वेगळे होतात.

तेव्हापासून मी असं करतो. ओंडक्याचा गाभा आधी काढून टाकतो, कारण भेगा बहुधा तिथूनच फुटतात. मग भांडं कच्चं कातून घेतो. जाडी व्यासाच्या दहाव्या भागाइतकी ठेवतो. 20 सेंटिमीटर व्यासाला 2 सेंटिमीटर. जिथे रेषांची टोकं उघडी पडतात, तिथे मेण लावतो आणि भांडं वाऱ्याच्या झोताबाहेर, सावलीत ठेवतो. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून बुडावर पेन्सिलीनं लिहितो. सलग तीन आठवडे आकडा हलला नाही, की मगच पुन्हा लेथवर चढवतो. भिंत आणि बूड शक्य तितकं सारख्या जाडीचं उतरवतो.

अरुंद गळ्याच्या भांड्यात ब्रश फिरत नाही. टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं डबल बॉइल जवसाचं तेल आत ओतायचं, भांडं सगळीकडून फिरवायचं आणि उरलेलं तेल काढून टाकायचं. मग दोन पट्ट्यांवर उपडं ठेवून निथळू द्यायचं. तळाशी साचलेलं तेल काडीला बांधलेल्या चिंधीनं टिपायचं. हे तेल हवेतल्या ऑक्सिजननं घट्ट होतं आणि बंद पोटात हवा फिरत नाही. म्हणून तोंड उघडंच ठेवावं, दोन हातांमध्ये काही दिवस जाऊ द्यावेत. आतला वास गेल्याशिवाय बाहेरचं पॉलिश सुरू करू नये.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. त्या तेलकट चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा बाहेर मोकळ्या पसरा.

बहिणीला दुसरी सुरई दिली. त्या सुरईनं नागपूरचे दोन उन्हाळे काढलेत. बुडावरची शेवटची तीन वजनं मी पुसली नाहीत. तिन्ही आकडे सारखे आहेत.