सांडपाणी आणि आपली जबाबदारी

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावर सर्व माणसांचा समान हक्क आहे हे जगाला दाखवून दिले. हक्काबरोबर कर्तव्यही येते. आपण वापरलेले पाणी कोठे जाते आणि कोणाच्या वाट्याला येते, याचा विचार प्रत्येक उपासक-उपासिकेने केला पाहिजे. भिक्खूंच्या पातिमोक्खातील सेखिय नियमांत पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, असा स्पष्ट नियम आहे. तो आपणा गृहस्थांनाही मार्गदर्शक आहे.

लोणारचा धडा

या विषयाचा धडा आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेल्या लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. तेथील पाणी खारे व अल्कधर्मी असून त्यात वेगळीच सूक्ष्मजीवसृष्टी नांदते. नोव्हेंबर २०२० मध्ये या सरोवराला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. परंतु लोणार शहर विवराच्या काठालगत वसलेले असल्याने शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे उताराने सरोवराकडे जात राहिले. सरोवराच्या रक्षणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला.

या सरोवरातून एकही ओढा बाहेर पडत नाही. आत आलेले पाणी वाफ होऊन जाते. त्याबरोबर आलेले साबणाचे क्षार, नत्र व स्फुरद मात्र आतच साचतात. आपल्या गावाचा नाला नदीत जातो म्हणून आपल्याला घाण दिसत नाही, इतकाच फरक. ती खालच्या गावाच्या विहिरीपर्यंत पोहोचते. दिसेनाशी झाली म्हणजे संपली असे नव्हे.

पाणी शुद्ध कसे होते?

वीस हजार वस्तीच्या गावात माणशी रोज ७० लिटर पाणी मिळते असे धरले व त्यातील ८० टक्के नालीत गेले, तर रोज सुमारे ११ लाख लिटर सांडपाणी होते. त्याचे शुद्धीकरण साधारण पुढील क्रमाने होते :

१) जाळीने प्लास्टिक, चिंध्या अडविणे.
२) टाकीत पाणी संथ करून वाळू व गाळ खाली बसू देणे.
३) जीवाणूंकडून विरघळलेली घाण खाऊन घेणे. त्यांना प्राणवायू लागतो. मोठ्या केंद्रात तो यंत्राने देतात.
४) शेवटी जंतुनाशन करून पाणी झाडांना किंवा शेतीला देणे.

लहान गावाला विजेचा खर्च जड जातो. अशा ठिकाणी खडीच्या थरात पाणकणीस, कर्दळ यांसारख्या वनस्पती लावून त्यातून पाणी सावकाश वाहू देतात. वनस्पतींच्या मुळांभोवतीचे जीवाणू पाणी स्वच्छ करतात. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली ‘फायटोरिड’ पद्धत याच तत्त्वावर आहे. तिला जागा जास्त लागते आणि गाळ काढण्याची, झाडे छाटण्याची देखभाल नियमित ठेवावी लागते.

माणूस खाली उतरता कामा नये

शौचालयाच्या बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन वायू साठतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला वासही कळेनासा होतो आणि उतरलेला माणूस क्षणात कोसळतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींवर लादले गेले, हे आपल्याला सांगावयास नको. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणदिनीच, अंमलात आला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण गेलेला जीव भरपाईने परत येत नाही.

आपण काय करावे?

स्वयंपाक व न्हाणीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत सोडावे. शोषखड्डा विहिरीपासून दूर असावा. टाकी यंत्राच्या गाडीनेच उपसून घ्यावी. थोडे पैसे वाचविण्यासाठी कोणालाही आत उतरवू नये. नवे विहार किंवा सभागृह बांधताना सांडपाण्याची सोय नकाशातच दाखवावी. ग्रामसभेत व नगर परिषदेत शुद्धीकरणाचा आणि त्याच्या देखभालीच्या खर्चाचा प्रश्न सनदशीर मार्गाने लावून धरावा.

सुनीत नावाच्या झाडूवाल्याला भगवंतांनी संघात सन्मानाने स्थान दिले. आपली घाण दुसऱ्याच्या माथी न टाकणे, हाच त्या करुणेचा आजचा अर्थ होय.

जयभीम! नमो बुद्धाय!