वारीत पायाला फोड आले, तर चालावे का?

प्रश्न : आळंदी ते पंढरपूर पायी वारीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच तळपायाला फोड येतात. तरीही चालत राहणे योग्य आहे का?

उत्तर : आळंदी-पंढरपूर हे अंतर सुमारे 250 किलोमीटर आहे. त्यात पुणे ते सासवड हा टप्पा सर्वांत खडतर. एका दिवसात 30 किलोमीटरांहून अधिक चाल आणि त्यातच दिवे घाटाची चढण. अनेकांना फोड इथेच येतात. ओल आणि घर्षण एकत्र आले की त्वचेचे थर एकमेकांवरून सरकतात आणि मधल्या पोकळीत पाणी साठते. म्हणजे खरा शत्रू अंतर नसून आषाढातला भिजलेला मोजा आहे. मोज्यांचा कोरडा जोड पिशवीत हवाच. नवे बूट मात्र वारीत घालू नयेत.

लहान फोड फोडू नये. वरची कातडी हेच त्याचे उत्तम आवरण असते. तो स्वच्छ धुऊन, कोरडा करून पट्टी लावली तर सहसा चालता येते. सासवडच्या मुक्कामात पाय उंच ठेवून विश्रांती घ्यावी.

थकवा, पोटऱ्यांची ठणक, खांद्यांचे दुखणे सोसण्याजोगे असते. दिंडीतल्या टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावले आपोआप पडतात, हा वारकऱ्यांचा जुना अनुभव आहे. पण फोडाभोवती पसरणारी लाली, पू, ताप किंवा एकाच पोटरीला आलेली सूज दिसल्यास चालणे थांबवून वैद्यकीय पथकाकडे जावे. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून त्यांनी दुखत नसले तरी रोज रात्री तळवे तपासावेत.