पालघर फिरायला निघालात? आधी तुमतुमचा भाव विचारा

पालघर-बोईसर पट्ट्यात बघण्यासारखे बरेचसे फुकट आहे. समुद्र फुकट, केळव्याची सुरूची बाग फुकट, माहीम-शिरगावचे किल्ले फुकट. खिसा रिकामा होतो तो स्टेशनबाहेरच्या आठ-दहा किलोमीटरांत आणि भाव न विचारता मागवलेल्या पापलेटात. दोघांचा एका मुक्कामाचा हिशेब धरून हे लिहिले आहे.

लोकल. डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ पासून धावते. चर्चगेटहून पालघरला दोन तास, बोईसरला त्याहून थोडे जास्त. दुसऱ्या वर्गाचे एका बाजूचे भाडे पन्नास रुपयांच्या आत. विरारच्या पुढे गाड्या विरळ आहेत, एक चुकली की तासभर फलाटावर. म्हणून परतीचे वेळापत्रक जातानाच फोनमध्ये काढून ठेवा आणि रविवारी ब्लॉक आहे का ते बघा. घाईत समोर आलेल्या एक्स्प्रेसमध्ये चढू नका. लोकलचे तिकीट तिथे चालत नाही. पकडले गेलात तर भाड्यावर किमान २५० रुपये दंड.

शेवटचे दहा किलोमीटर. केळवे रोड स्टेशनवरून समुद्र सात-आठ किलोमीटर, पालघरहून सातपाटी तेवढेच किंवा थोडे अधिक, बोईसरहून तारापूर-चिंचणी दहा-बारा. तुमतुममध्ये, म्हणजे शेअर रिक्षात, बसण्याआधी एकच प्रश्न विचारा: "सीटवर की स्पेशल?" सीटवर माणशी तीस-पन्नास रुपये धरा, स्पेशलला दोनशे ते चारशे. तुम्ही बॅगा घेऊन, टोपी घालून उतरलात की गाडी आपोआप 'स्पेशल' होते, आणि हे उतरताना कळते. मुलाची सीट वेगळी का, बॅगेचे पैसे वेगळे का, तेही आधीच ठरवा. दिवसभरासाठी रिक्षा ठरवत असाल (बाराशे-पंधराशे धरा) तर थांबण्याचे तास आणि ठिकाणे मोजून सांगा. "फिरवून आणतो" या शब्दाला काही अर्थ नसतो.

याहून स्वस्त एसटी. महिलांना राज्यांतर्गत प्रवासात निम्मे तिकीट, ६५ ते ७४ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे, पंच्याहत्तरीपुढे मोफत. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावे. शेवटची परतीची गाडी किती वाजता, हे पालघर आगारात चौकशीच्या खिडकीवर विचारा. हॉटेलवाल्याचे उत्तर ऐकून थांबू नका.

खोली. केळव्यात साध्या खोलीला पंधराशे ते तीन हजार धरा. शनिवारी आणि थर्टी फर्स्टला हा आकडा विसरा. बोईसरची लॉज-हॉटेले कारखान्यांच्या पाहुण्यांवर चालतात, त्यामुळे शनिवार-रविवारी तिथे घासाघीस करून बघायला हरकत नाही. प्रत्येक प्रौढाचे ओळखपत्र लागते, एकाचे दाखवून भागत नाही. फोनवर विचारायचे प्रश्न असे: सांगितलेल्या भाड्यात जीएसटी धरला आहे का? एसीचे वेगळे का? सकाळी किती वाजता खोली सोडायची? जेवण त्यांच्याकडेच घ्यायची सक्ती आहे का? शेवटचा प्रश्न घरगुती निवासात हमखास विसरला जातो, आणि बिल तिथेच फुगते.

जेवण. इथे यायचे खरे कारण हेच. सातपाटीचे पापलेट प्रसिद्ध आहे; २०२३ पासून पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. पण 'पापलेट थाळी' समोर भाव लिहिलेला नसेल, तर मासा नगावर की वजनावर ते विचारा, आणि तळण्याआधी डोळ्यांनी बघा. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत 'ताजे' म्हणून मिळेल ते बहुतेक बर्फातले. तेव्हा सुकट-बोंबील खा, पैसेही वाचतील. साधी मासळी थाळी अडीचशे ते चारशे धरा.

हिवाळ्यात आलात तर उकडहंडी सोडू नका: कंद, शेंगा, भाज्या मडक्यात घालून उकडलेल्या. ती हॉटेलच्या कार्डावर शोधू नका. मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशी सांगावी लागते, आणि माणशी की हंडीवर पैसे ते तेव्हाच ठरते. चारच माणसे असाल तर अख्खी हंडी माथी मारून घेऊ नका. पावसाच्या तोंडावर आदिवासी बायका शेवळ या रानभाजीच्या जुड्या विकायला बसतात. विकत घेतलीत तर सोबत काकडाची फळे मागून घ्या. ती नसतील तर घसा खाजतो आणि शेवळाला उगाच शिव्या बसतात. भुजिंग (कोंबडी-पोह्यांचा पदार्थ) हवे असेल तर ते विरारजवळच्या आगाशीचे, परतीच्या वाटेवर. वजनावर मिळते, दोघांना पाव किलो पुरते.

बिल नीट वाचा. 'सर्व्हिस चार्ज' देणे तुमच्या मर्जीवर आहे. तो काढायला सांगा. बिलावर 'कंपोझिशन' लिहिलेले असेल तर त्या हॉटेलला तुमच्याकडून जीएसटी घेता येत नाही. दुकानात पाण्याच्या बाटलीला छापील किमतीहून जास्त मागितले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

बघायचे काय. केळव्याच्या समुद्रातल्या पाणकोटाला ओहोटीत चालत जाता येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, हे कोळ्यांचे जुने गणित. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सहाच्या आसपास, आणि पाणीही जास्त लांब जाते. सकाळची ओहोटी धरा, संध्याकाळी अंधार गाठतो. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा आणि पाणी फिरायच्या आत मागे या. तारापूरच्या किल्ल्यात खासगी बाग आहे, राखणदाराला विचारल्याशिवाय आत शिरू नका. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र हे पर्यटनस्थळ नाही: तिकीट नाही, फोटो नाही, आणि ड्रोन तर घरीच ठेवा. "आतून दाखवतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

वारली चित्र घ्यायचे तर डहाणू रोडला उतरून गंजाड गाठा. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांचे हे गाव. वारली चित्राला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण रिसॉर्टच्या दुकानात टांगलेले कापड छापील असू शकते. उन्हात तिरके धरून बघा: हाताने काढलेल्या तांदळाच्या पांढऱ्या रेषेला जाडी असते, ती कुठे दाट, कुठे विरळ. छाप सगळीकडे सारखा सपाट. चौकट आणि कुरिअरचे पैसे वेगळे लागतात. गुंडाळी करून नेलीत तर दोन्ही वाचतात. कोणाच्या घरी तारपा वाजवायला सांगितलेत तर मानधन आधी विचारा आणि हातात द्या. रिसॉर्टच्या 'आदिवासी नृत्य' पॅकेजात वादकाला किती मिळतात, तेही एकदा विचारून बघा.

जव्हार यातच कोंबू नका. पालघरहून घाटरस्त्याने दोन तास लागतात, त्याला वेगळा दिवस हवा. पावसाळ्यात प्रशासन धबधब्यांवर बंदी घालते, म्हणून जव्हारजवळच्या दाभोसा धबधब्याच्या सहलीचे आगाऊ पैसे भरण्याआधी चौकशी करा.

एवढ्याला दोघांना सहा-सव्वासहा हजार लागतात: लोकल दोनशे, तुमतुम-एसटी पाचशे, खोली अडीच हजार, चार जेवणे चोवीसशे, बाकी चहा-नाश्ता. दिवसभराची रिक्षा केलीत तर वर पंधराशे.

बोर्डीपर्यंत गेलात तर दोन गोष्टी. पलीकडे गुजरात आहे, तिथे दारूबंदी. आणि दमणची स्वस्त बाटली गाडीत घालून महाराष्ट्रात आणणे हाही गुन्हाच. चिकू मात्र हवे तेवढे आणा. वजन खोक्यासकट की खोक्याशिवाय ते विचारा, खालचा थर उलटून बघा आणि घट्ट चिकू घ्या, घरी तीन-चार दिवसांत पिकतात. पिकलेल्या चिकूंचे खोके घेऊन रविवारी संध्याकाळच्या लोकलमध्ये चढलात, तर बोरिवलीला उतरेपर्यंत त्याचा मिल्कशेक झालेला असतो.