गेज बदललं, गाव वाढलं : शिजियाझुआंगची गोष्ट

चीन म्हटलं की आपल्याला बीजिंग आणि शांघाय आठवतात. आज एका वेगळ्या शहराची ओळख करून घेऊ. नाव जरा जिभेला जड आहे : शिजियाझुआंग. यातल्या 'झुआंग'चा अर्थ वाडी. म्हणजे एक कोटीहून जास्त लोकवस्तीचं हे शहर नावाने अजून वाडीच आहे!

भूगोल : बीजिंगच्या नैर्ऋत्येला सुमारे पावणेतीनशे कि.मी.वर, हेबेई प्रांतात. पश्चिमेला ताइहांग डोंगर, पूर्वेला सपाट मैदान, उत्तरेला हुतुओ नदी. नदीच्या पलीकडे झेंगडिंग हे जुनं, तटबंदीचं गाव. तिथल्या लोंगशिंग मंदिराची स्थापना इ.स. 586 मधली. एकेकाळी या भागाचा कारभार झेंगडिंगहूनच चाले.

मग वाडी मोठी कशी झाली? उत्तर आपल्या विषयातलं आहे. बीजिंग-हानकौ रेल्वे 1906 साली पूर्ण झाली. डोंगरापलीकडचा शान्शीचा कोळसा या लाइनवर आणायला तायुआनहून फाटा काढायचं ठरलं. तो झेंगडिंगला जोडायचा होता, पण मग हुतुओवर आणखी एक पूल बांधणं आलं. त्या पुलाचा खर्च वाचवायला फाटा नदीच्या अलीकडेच, या वाडीपाशी थांबवला. 1907 मध्ये तो सुरू झाला. गंमत बघा, लाइनचं नाव मात्र 'झेंगताई', म्हणजे झेंगडिंग-तायुआन, असंच राहिलं!

दुसरं कारण गेजचं. मुख्य लाइन स्टँडर्ड गेज, म्हणजे 1435 मि.मी.; डोंगरातली लाइन स्वस्त पडावी म्हणून मीटरगेज, म्हणजे 1000 मि.मी. त्यामुळे इकडचा डबा तिकडे जाईना. कोळसा उतरवा, पुन्हा भरा. मिरजेला जुन्या काळी गाडी बदललेल्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. मालधक्का आला, हमाल आले, पाठोपाठ दुकानं, गोदामं आणि कारखाने आले. 1939 मध्ये जपानी ताब्यात असताना फाट्याचं गेज बदललं गेलं, पण तोवर शहर उभं राहिलं होतं.

पुढे नोव्हेंबर 1947 मध्ये ते कम्युनिस्ट सैन्याच्या हाती आलं. 1 डिसेंबर 1948 रोजी चीनच्या मध्यवर्ती बँकेची स्थापना इथेच झाली. 1968 पासून हे हेबेईची राजधानी आहे.

कारभार समजून घेताना एक लक्षात ठेवा : चीनमधलं असं 'शहर' आपल्या जिल्ह्यासारखं असतं. त्यात नागरी विभाग येतात, तशाच खेडी असलेल्या काउंट्याही. झेंगडिंग आज याच शहराखालची एक काउंटी आहे. झाओ काउंटीही याच्याच हद्दीत. तिथला सुमारे 37 मीटर गाळ्याचा दगडी कमानीचा पूल इ.स. 605 च्या सुमाराचा आहे. सिव्हिलवाल्यांनी त्याचे फोटो जरूर बघावेत.

आपलंही एक नातं इथे आहे. युद्धकाळात हेबेईच्या खेड्यांत जखमींवर उपचार करताना 1942 मध्ये वारलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी याच शहरात आहे.

2012 मध्ये नवं स्टेशन झालं आणि शहराला दुभागणारे रूळ भुयारात गेले. ज्या रुळांनी शहर वसवलं, त्यांनाच जमिनीखाली जावं लागलं. झेंगडिंगचं मोठेपण मात्र एका न बांधलेल्या पुलापायी गेलं. एस्टिमेटमधली एखादी ओळ खोडताना पलीकडच्या काठावर कोण राहतं, तेही बघायला हवं.